टास्कोसाचा बळी तारेने घेतला

टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडल भागात, कॅनेडियन नदीच्या काठी टास्कोसा नावाचे गाव होते. रेल्वे पलीकडून गेली म्हणून ते ओस पडले, असे सर्रास सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे. रेल्वे आली 1887 मध्ये, आणि तोवर काटेरी तारेने गावाचा पायाच उखडला होता. गाव वसले ते तिथे नदीला सोपा उतार होता म्हणून. 1876 मध्ये न्यू मेक्सिकोहून कासिमेरो रोमेरो मेंढ्या घेऊन आला, मागोमाग लोहार आणि दुकानदार आले, आणि 1880 मध्ये टास्कोसा ओल्डहॅम काउंटीचे मुख्य ठाणे झाले. भोवतालच्या बड्या रँचवरचे काउबॉय पगार उडवायला इथेच येत.

या सगळ्याचा आधार होता खुले, बिनकुंपणाचे कुरण. कोणाचीही गुरे कुठेही चरत. ती वळायला, डागायला आणि दूरच्या बाजारी हाकत न्यायला पुष्कळ माणसे लागत. 1874 मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि चित्र पालटले. पॅनहँडलच्या पशुमालकांनी आधी सुमारे 200 मैलांचे आडवे कुंपण घातले. हेतू असा, की उत्तरेकडची गुरे हिवाळ्यात आपल्या गवतावर उतरू नयेत. पण हिमवादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात. 1886 च्या जानेवारीत ती अशीच दक्षिणेकडे सरकली, तारेला अडली, मागची पुढच्यांवर रेटली गेली आणि थिजून मेली. तारेलगत मेलेल्या गुरांचे ढीग पडले. पुढे ऑस्टिनमधल्या नव्या विधानभवनाच्या बांधकामाच्या मोबदल्यात मिळालेल्या 30 लाख एकरांवर एक्सआयटी रँचने कुंपण घातले आणि गुरांच्या जुन्या वाटा बंद झाल्या. कुंपणातल्या गुरांना थोडी माणसे पुरतात. 1883 मध्ये महिना 50 डॉलर मागत संप केलेल्या काउबॉयांना हार पत्करावी लागली होती. आता त्यांची गरजच घटली. ज्यांच्या धंद्यावर गाव जगले, त्यांनीच तार ओढली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

रेल्वेचे काय, असे कोणी विचारील. रूळ नदीपलीकडे पडले हे खरे, पण हातात कामधंदा असलेले गाव रुळांमागे सरकते. त्याच सुमारास वसलेले अमारिलो सखल जागा सोडून जवळच्या उंचवट्यावर गेले आणि वाढले. ते हलवण्यात पुढाकार होता हेन्री सॅनबॉर्नचा. हा ग्लिडनचा भागीदार, तार विकणारा माणूस! कुंपणाच्या नव्या अर्थव्यवस्थेने आपले शहर निवडले होते, आणि ते टास्कोसा नव्हते. 1893 च्या पुराचेही कारण दिले जाते. त्या पुराने पूल आणि मातीची घरे नेली, पण पुरानंतर पुन्हा उभी राहिलेली गावे थोडी नाहीत. इथे पुन्हा बांधायला कारणच उरले नव्हते. कुंपणामुळे चांगल्या वाणाची पैदास शक्य झाली, हा युक्तिवाद मात्र मान्य करायला हवा. तो लाभ रँचमालकांचा होता. गावाच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. 1915 मध्ये काउंटीचे ठाणे वेगा या गावी गेले, तेव्हा टास्कोसात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे राहत होती.