सनद आणि सुतार

पुण्याच्या बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. 1953 साली यवतमाळला सुरू झालेली ही संस्था 1983 मध्ये पुण्यात आली. देशभरातली मुलंमुली तिथे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करतात आणि पुढे आपापल्या मंडळ्यांत पाळक म्हणून रुजू होतात. त्यांची पदवी मात्र बंगालमधल्या सेरामपूरची. संपादकांनी मला पाळक कसा घडतो यावर लिहायला सांगितलं, तेव्हा बिबवेवाडीला जाऊन चौकशी करणं सोपं होतं. पण पुण्यातल्या प्रशिक्षणावर हुगळीकाठच्या एका गावाची मोहोर का, हे मला जास्त ओढत होतं. हावड्याहून लोकल पकडली की तासाभराच्या आत सेरामपूर येतं. नदीकाठी उंच खांबांची पांढरी इमारत उभी आहे, तेच ही पदवी देणारं सेरामपूर कॉलेज.

कॉलेजचा इतिहास बहुतेकांना तुकड्या-तुकड्यांनी ठाऊक असतो. मिशनरी संस्थापकांपैकी विल्यम कॅरी पूर्वी जोडे शिवायचे, जोशुआ मार्शमन शाळामास्तर होते, विल्यम वॉर्ड छापखान्यातले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून 1800 साली या तिघांनी डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरचा आसरा घेतला. त्यांनी तिथे काढलेला छापखाना मराठी वाचकाला परका नाही. पंडित वैजनाथांच्या मदतीने कॅरींनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये मोडी टाइपातला कोश काढला आणि 1811 मध्ये नवा करार मराठीत आणला. 1812 च्या आगीत छापखाना जळाला, कित्येक भाषांचे खिळे वितळले, हस्तलिखितं गेली. तरी काम थांबलं नाही. 1818 मध्ये त्यांनी कॉलेज काढलं. पहिल्या तुकडीत 37 विद्यार्थी होते, आणि त्यांतले जवळपास निम्मे ख्रिस्ती नव्हते. जातीची किंवा धर्माची अट घालायची नाही आणि आधी संस्कृत व देशी भाषा शिकवायच्या, असं संस्थापकांनी ठरवलं होतं. या देशात सुवार्ता रुजायची तर ती इथल्याच माणसांच्या तोंडून, इथल्याच भाषेत, हा त्यांचा हिशोब मला आजही पटतो.

माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते या कॉलेजच्या सनदेत. 23 फेब्रुवारी 1827 रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. तोवर असा अधिकार त्याच्या राज्यात कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांकडेच होता. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं निघायला तेव्हा अजून तीस वर्षं होती. इतका मोठा अधिकार हाती आला आणि जवळजवळ नव्वद वर्षं पडून राहिला. वॉर्ड 1823 मध्येच पटकीने गेले होते. 1830 नंतर कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि कॉलेजचा पैसाही त्यांत गेला. 1834 मध्ये कॅरी वारले, 1837 मध्ये मार्शमन. 1845 मध्ये डेन्मार्कने गावच इंग्रजांना विकलं. मात्र विक्रीच्या तहात कॉलेजचे हक्क अबाधित राहतील असं कलम घातलं होतं, म्हणून राजवट बदलली तरी सनद मेली नाही. पुढे प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी चिकाटीने ती पुन्हा चालू केली. 1915 मध्ये पहिल्या बी.डी. पदव्या दिल्या गेल्या आणि 1918 मध्ये बंगाल सरकारच्या कायद्याने पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटला पक्कं बळ मिळालं. त्यानंतर बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, अँग्लिकन, लुथरन असे एरवी एकमेकांच्या बाप्तिस्म्यावर वाद घालणारे पंथ एकाच परीक्षेला आपले विद्यार्थी बसवू लागले. देशातल्या अनेक सेमिनऱ्या आज याच सिनेटला संलग्न आहेत.

पण सनदेच्या कितीतरी आधी याच गावात एक पाळक घडला होता. कृष्ण पाल हे त्यांचं नाव, व्यवसाय सुतारकीचा. 1800 च्या हिवाळ्यात ते पडले आणि त्यांचा हात खांद्यातून निखळला. मिशनचे डॉक्टर जॉन थॉमस यांनी तो बसवला आणि तिथून येणं-जाणं, बोलणं सुरू झालं. 22 डिसेंबरला कृष्ण पाल मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवले. गावात हलकल्लोळ झाला, जमावाने त्यांना ओढत डॅनिश अधिकाऱ्यापुढे उभं केलं, अधिकाऱ्याने सोडून दिलं. 28 तारखेला हुगळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्या खर्चाने प्रार्थनेसाठी जागा बांधली. आपल्या मुलीचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या एका विश्वासणाऱ्याशी लावून दिलं. कलकत्त्यात उपदेश केला. 1813 मध्ये सिल्हेटच्या सरहद्दीपर्यंत गेले आणि खासी लोकांपर्यंत पहिल्यांदा सुवार्ता नेली. 1822 मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला.

बाप्तिस्म्याआधी कृष्ण पाल कर्ताभजा पंथात होते. गुरूच्या पायाशी बसायचं, जे ऐकलं ते घरी येऊन चार माणसांना सांगायचं, ही रीत त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती, आणि तेच त्यांचं खरं शिक्षण असावं असं मला वाटतं. शिष्यत्व म्हणजे काय, हे त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. कॅरींचं मोठेपण असं की त्यांनी या माणसाला लगेच कामाला लावलं. सुतारकी सोडून आधी चार वर्षं शीक, असं ते म्हणाले नाहीत.

आज मात्र पाळक व्हायचं तर आधी वर्ग आणि पदवी, आणि इथेच मला काळजी वाटते. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीचे वडील (एल्डर) माझ्या परिचयाचे आहेत. दिवसभर साखर कारखान्यात काम, रविवारी उपासना. पाळकांकडे आसपासच्या बऱ्याच गावांच्या मंडळ्या असल्यामुळे ते महिन्यातून एखादेवेळी येतात, प्रभुभोजन तेव्हाच. बाकीचे रविवार, आजारी माणसाकडची प्रार्थना, मयत झाल्यावर घरच्यांना धीर देणं, भावाभावांतला बांधावरचा वाद मिटवणं, सगळं यांच्याकडे. शिक्षण दहावीपर्यंत. एकदा मला म्हणाले, ‘‘पौलाची पत्रं मी वाचतो हो, पण रोमकरांसच्या नवव्या अध्यायाला आलो की थांबतो. समजावून सांगणारं कुणी नाही, आणि मराठीत पुस्तक द्या म्हटलं तर देणारं कुणी नाही.’’ अवघड जागा त्यांनी नेमकी पकडली होती. त्या अध्यायाशी भलेभले विद्वान झगडले आहेत.

बी.डी.चे वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतात. कितीतरी भाषांची मुलं एका वर्गात असतात, म्हणून ते टाळताही येत नाही. पण चार-पाच वर्षं वसतिगृहात राहून, इंग्रजी भाष्यग्रंथ वाचून, ग्रीकची परीक्षा देऊन बाहेर पडलेला तरुण पुन्हा त्याच गावात, त्याच तुटपुंज्या मानधनावर का यावा? तो शहरातल्या मंडळीत जातो किंवा संस्थेच्या कार्यालयात. त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. त्याच्या घरच्यांनी कर्ज काढून त्याला शिकवलेलं असतं. दुसरीकडे, गावातला वडील चार-पाच वर्षं घर आणि नोकरी सोडून पुण्याला राहू शकत नाही. सिनेटच्या बहिःशाल अभ्यासक्रमांनी ही भिंत थोडी खाली आणली आहे. नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून ख्रिस्ती अध्ययनाची पदवी घेता येते. ही वाट मोठी करायला हवी, आणि मराठीत करायला हवी.

त्यासाठी मराठीत भाष्यग्रंथ हवेत, अभ्यासाच्या वह्या हव्यात, तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोन शनिवार बसणारा वर्ग हवा. तो चालवायला पदवीधर पाळकच लागतील, म्हणजे सेमिनरीचं महत्त्व कमी होत नाही. खर्च कुणी करायचा हा प्रश्न राहतो. गावच्या मंडळीचं दान वीजबिल आणि छपराच्या डागडुजीत संपतं. परदेशी मदतीवर उभ्या राहिलेल्या जुन्या मिशन संस्थांकडे जमिनी आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच वादात आणि कोर्टात अडकल्या आहेत. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांनी एकेका तालुक्याच्या वर्गाची जबाबदारी उचलली, तर सुरुवात लगेच होऊ शकेल. त्या वडिलांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या: रोमकरांसच्या पत्रावरचं सोप्या मराठीतलं एखादं पुस्तक, आणि पावसाळ्याच्या आधी दोन दिवस शिकवायला येऊ शकेल असा कुणीतरी. दुसऱ्या मागणीसाठी मी अजून माणूस शोधतो आहे.