रेषेचा दुभाष्या
ठिपक्यांचे चित्र मोठे करू जाता त्याच्या कडा फाटतात, परंतु सदिश चित्रात रेषेचे गणितच साठविलेले असल्यामुळे ते कितीही विस्तारले तरी रेखीव राहते. आणि अशा चित्रांसाठी ‘एसव्हीजी’ हे प्रमाण २००१ सालीच मंजूर झाले असले, तरी मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने त्याची दखल घेण्यास २०११ साल उजाडले. मधल्या काळात दिमित्री बारानोव्स्की यांच्या ‘राफाएल’ या लायब्ररीने, म्हणजे तयार आज्ञावलींच्या संग्रहाने, दुभाष्याची कामगिरी चोख बजावली: त्या ब्राउझरशी त्याच्याच ‘व्हीएमएल’ बोलीत, इतरांशी एसव्हीजीत. आता तो दुभाष्या सेवानिवृत्त समजावा. आकडेवारीचे आलेख ज्याला हवेत त्याने ‘डी३’ ही लायब्ररी घ्यावी (शिकण्यास ती खडतर, हेही कबूल केले पाहिजे). मात्र चार वर्तुळे आणि एक बाण एवढीच ज्याची निकड, त्याने कोणाचाही आश्रय न करता एसव्हीजी स्वहस्तेच लिहावे, असे माझे मत आहे.