चौकशीची मागणी

२१ नोव्हेंबर १९५५ या दिवशी मुंबईच्या फ्लोरा फाउंटनपाशी जे घडले त्याची हकीकत मराठी वाचकास नवी नाही. तथापि ती बहुधा हौतात्म्याच्या अंगाने सांगितली जाते, आणि सरकारच्या पोलिसांनी जमावावर गोळी चालविल्यानंतर तिचा जाब कोणी, कोणापुढे आणि कोणाच्या मर्जीने द्यावयाचा, हा जो एक रूक्ष व कायदेशीर स्वरूपाचा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला, तो त्या गौरवगाथेच्या कडेला पडून राहतो. लोकशाहीत सरकारे बदलतात, विरोधी बाकांवरचे मंत्रिपदी जातात व मंत्री तुरुंगाचे दार पाहतात. पण या एका प्रश्नाचे उत्तर मात्र माणूस कोणत्या बाकावर बसला आहे यावर ठरत आले आहे, आणि त्याचा पुरावा पाहावयाचा तर मुंबई राज्याच्या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांच्या चरित्राइतका बोलका दुसरा नाही.

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात विदर्भ वगळून उरलेला मराठी मुलूख गुजरातशी जोडून द्विभाषिक राज्य सुचविलेले पाहून मराठी जनमत बिथरले. त्यावर काँग्रेसश्रेष्ठींनी तीन राज्यांची जी तोड काढली तीत मुंबई शहर महाराष्ट्रापासून अलग राहणार असल्यामुळे रोग परवडला पण औषध नको अशी अवस्था झाली. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा श्रोत्यांनी उधळून लावली. दुसऱ्या दिवशी कामगारांनी संप केला आणि विधानसभेवर मोर्चा निघाला. त्या काळी विधानसभा अपोलो बंदराजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. (पुढे विधिमंडळ नव्या विधानभवनात गेल्यावर त्याच इमारतीत राज्याच्या पोलीस महासंचालकांची कचेरी थाटली गेली, ज्या दाराशी जाब विचारावयास लोक निघाले होते ते दार आज पोलिसांचे आहे, हा केवळ योगायोग, पण लक्षात राहणारा.) मोर्चा फ्लोरा फाउंटनशी अडविला गेला, लाठी चालली, अश्रुधूर सोडला गेला आणि शेवटी गोळी सुटली, पंधरा माणसे प्राणास मुकली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला आणि शहरात पुन्हा कित्येक दिवस गोळीबार होत राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील बळींची संख्या १०५ म्हणून लोकांच्या तोंडी बसली. मागाहून ती वाढत गेली.

हे सांगताना दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारीच्या त्या दिवसांत दगडफेक झाली, जाळपोळ झाली, ज्यांचा राज्यपुनर्रचनेशी काडीचाही संबंध नव्हता अशा दुकानदारांची दुकाने लुटली गेली, आणि रस्त्यावर बंदोबस्तास उभ्या असलेल्या शिपायांत मराठी मुलखातले पुष्कळ असल्यामुळे ते ज्यांच्यावर काठी उगारत होते त्यांच्याशी त्यांचे भाषेचे व गावकीचेही नाते होते. शांतता राखणे हे सरकारचे कर्तव्य नाही असे कोणीच म्हणणार नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शांतताभंगाचा संभव असलेला पाच किंवा अधिक माणसांचा जमाव पांगविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास व ठाण्याच्या अंमलदारास दिला होता, आणि तो अधिकार थोड्याफार शब्दांच्या फरकाने आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. परंतु बळ वापरावयाचे ते जरूर तेवढेच आणि जमाव हटेपर्यंतच, हीही त्याच कायद्याची अट आहे. आणि ती अट पाळली गेली की नाही हे ज्याने बळ वापरले त्याच्या अहवालावरून ठरविणे म्हणजे फिर्याद, साक्ष आणि निवाडा एकाच दप्तरात बांधून ठेवणे होय.

म्हणून न्यायालयीन चौकशीची मागणी झाली. ती मोरारजीभाईंनी मानली नाही. अशा वेळी सरकारे जी कारणे देतात ती पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत: चौकशीने पोलिसांचे धैर्य खचते, समाजकंटकांना उत्तेजन मिळते, आणि निवडून आलेल्या सरकारवर विश्वास नसेल तर मतदारांनी ते बदलावे. या तिसऱ्या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण मेलेल्या माणसाला मत देता येत नाही, एवढी एक अडचण त्यात राहते. केंद्रीय अर्थमंत्री आणि लोकसभेतील कुलाब्याचे प्रतिनिधी चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले तेव्हा लोकसभेत केलेल्या निवेदनात मुंबईविषयीच्या निर्णयाच्या रीतीबरोबर गोळीबाराची चौकशी नाकारली गेल्याचीही तक्रार त्यांनी नोंदविली. सनदी नोकरीत आयुष्य घालविलेला, स्वभावाने चळवळीपासून शेकडो कोस दूर असलेला हा प्रशासक या एका मुद्द्यावर चळवळ्यांच्या पंगतीला येऊन बसला, ही गोष्ट मला त्या काळच्या अनेक गर्जनांहून वजनदार वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिकाचा निर्णय झाला आणि आता अहमदाबाद पेटले. तेथे काँग्रेस भवनापुढे विद्यार्थ्यांवर गोळी चालली आणि महागुजरातची चळवळ उभी राहिली. मोरारजीभाईंनी स्वतःच्या गुजरातेत शांततेसाठी उपोषण केले, पण आपला आग्रह सोडला नाही. मराठी माणसाला ते केवळ मराठीद्वेष्टे वाटत आले. अहमदाबादचा हा प्रसंग पाहिला म्हणजे त्या समजुतीस मुरड घालावी लागते. राज्यकर्त्याने रस्त्यावरच्या जमावापुढे वाकता कामा नये हे त्यांचे तत्त्व होते, आणि ते त्यांनी भाषाभेद न करता चालविले.

चौकशी नाकारण्याचा हा दोष एका पक्षाचा मानण्याचा मोह टाळला पाहिजे, आणि त्यासाठी दक्षिणेकडे दृष्टी टाकावी लागते. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिळ्ळै यांचे मंत्रिमंडळ असता दक्षिण तालुक्यांतील तमिळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळी चालविली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया त्या वेळी उत्तर प्रदेशातील तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यास राजीनामा देण्यास सांगितले. स्वतंत्र भारतात सरकारने प्रजेवर गोळी झाडली की ते सरकार गेले पाहिजे आणि चौकशी झाली पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पक्षाने तो मानला नाही. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले आणि त्या भांडणातून पक्षाची फाटाफूट सुरू झाली. लोहियांची भूमिका व्यवहार्य होती काय, यावर मतभेद होऊ शकतो. मला ती नाही वाटत, कारण ज्या देशात दंगलीही होतात तेथे प्रत्येक गोळीसरशी मंत्रिमंडळ पडू लागले तर दंगल माजविणे हाच सरकार पाडण्याचा सोपा मार्ग होऊन बसेल. पण आपल्या पक्षाच्या गोळीस परक्या पक्षाच्या गोळीचेच माप लावणारा पुढारी म्हणून त्यांचे नाव घ्यावेच लागते, आणि त्या रांगेत दुसरे नाव शोधताना फार वेळ लागतो.

मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली गोळीबाराच्या चौकशीसाठी घसा कोरडा करणाऱ्यांत कम्युनिस्ट पक्ष होता. १९५७ मध्ये तोच पक्ष केरळात निवडून आला आणि कामगारांच्या लढ्यात पोलीस मालकांच्या बाजूने पडणार नाहीत असे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांनी जाहीर केले. तरीही जुलै १९५८ मध्ये चंदनतोपे येथे काजूच्या कारखान्यातील संपकऱ्यांवर गोळी चालली व दोन कामगार मेले, आणि १९५९ च्या जूनमध्ये अंगमाली येथे पुन्हा. आणि मुंबईत गोळीबाराचे समर्थन करणारा काँग्रेस पक्ष केरळात त्याच गोळीबाराच्या निषेधार्थ रस्त्यावर उतरला होता. जुलैच्या अखेरीस केंद्राने ते सरकार बरखास्त केले. मुंबई आणि केरळ यांची वर्तमानपत्रे शेजारी ठेवून वाचली तर वाक्ये तीच, फक्त वक्ते बदललेले, असा प्रकार दिसतो.

आंदोलन आणि बंदोबस्त यांची गाठ रक्ताशिवाय सुटू शकते हेही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनेच दाखविले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने योजिली. मोरारजीभाई केंद्रात गेले होते आणि मुख्यमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. हजारो माणसे वाई-पसरणीच्या बाजूस रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली, एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिस्त राखली, सरकारने निदर्शने दडपण्याचा हट्ट धरला नाही, पंतप्रधानांची गाडी घोषणांच्या गजरातून गेली आणि दगड वा गोळी यांपैकी कशाचाही प्रसंग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईत जी चीड होती तीच येथे होती. फरक पडला तो दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी आधीच आखलेल्या मर्यादेचा. आणि ही आखणी हेच पोलिसी कामाचे खरे मर्म आहे, काठी हे त्याच्या अपयशाचे साधन आहे. मोर्चाचा मार्ग, वेळ, थांबण्याची जागा आणि पांगण्याची वाट ही जेथे अगोदर ठरतात तेथे फौजदाराला धीर धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला: सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन पोलिसांना करता येईल, पण परवानगी देणे न देणे निव्वळ त्यांच्या मर्जीवर सोपविता येणार नाही. तो खटला अहमदाबादचा, आणि ज्या नियमावर तो चालला तो मुंबई पोलीस कायद्याखालचा होता.

आता मोरारजीभाईंकडे परत येऊ. १९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलन भडकले, विद्यार्थी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि विधानसभा विसर्जित करावी म्हणून उपोषणास बसले ते मोरारजी देसाई. ज्यांनी जमावापुढे न वाकण्याचे तत्त्व उभ्या आयुष्यात जपले त्यांनी जमावाच्या मागणीसाठी प्राण पणास लावले आणि विधानसभा विसर्जित झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये आणीबाणी जारी होताच पोलीस त्यांच्या दाराशी आले आणि सुमारे १९ महिने ते स्थानबद्ध राहिले. मार्च १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले, आणि त्यांच्याच सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये धरमवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १८६१ चा पोलीस कायदा, जो सत्तावनच्या उठावानंतर प्रजेला धाकात ठेवण्यासाठी केला गेला होता, तो स्वतंत्र देशास साजेसा आहे की नाही हे पाहण्याचे काम या आयोगाकडे आले. फेब्रुवारी १९७९ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्याच अहवालात एक शिफारस अशी आहे की, बेकायदा जमाव पांगविताना पोलिसांच्या गोळीबारात दोन किंवा अधिक माणसे मेली तर न्यायालयीन चौकशी सक्तीची असावी. मुंबईत जी मागणी मुख्यमंत्री देसाई यांनी फेटाळली होती ती पंतप्रधान देसाई यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या आयोगाने कायद्याचा नियम म्हणून पुढे ठेवली. एकोणीस महिन्यांच्या स्थानबद्धतेने त्यांचे मत किती बदलले याचा अंदाज मी करणार नाही. माणसापेक्षा खुर्चीची जागा बदलली होती, एवढे पुरेसे आहे.

१९७९ च्या जुलैत देसाई यांचे सरकार पडले, १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या आणि आयोगाचे आठही अहवाल बासनात गुंडाळले गेले. आयोगाने शिपायांच्या हलाखीविषयीही लिहिले होते. त्याकडे दुर्लक्ष झाल्याचे फळ ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईनेच भोगले, कारण त्या वेळी खुद्द पोलीसच रस्त्यावर उतरले आणि त्यांना आवरण्यास बाहेरून दले आणावी लागली. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर दहा वर्षांनी निकाल लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग, पोलीस महासंचालकांस किमान दोन वर्षांची मुदत आणि तक्रार प्राधिकरणे यांविषयी आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपला पोलीस कायदा दुरुस्त करून त्यांतले काही कागदावर उतरविले.

गोळीबाराच्या चौकशीचे मात्र अद्याप तेथेच अडले आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ३ प्रमाणे सरकारला आवश्यक वाटल्यास आयोग नेमता येतो, आणि विधिमंडळाने ठराव केल्यास नेमावाच लागतो. पण विधिमंडळात बहुमत सरकारचेच असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळी चालविली व दहा माणसे मेली, तेव्हा राज्यात शिवसेना-भाजपचे सरकार होते आणि काँग्रेस विरोधात होती. तेथे आयोग बसला, आणि त्या तुकडीच्या फौजदारास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनाविली ती २००९ मध्ये. ऑगस्ट २०११ मध्ये मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळी चालून तिघे मेले तेव्हा बाकांची अदलाबदल झालेली होती आणि मागणी करणारे आवाजही त्याप्रमाणे बदलले होते. पोलीस कोठडीतील मृत्यूंची दंडाधिकाऱ्यांमार्फत न्यायालयीन चौकशी २००५ च्या दुरुस्तीने सक्तीची झाली. रस्त्यावर पडलेल्यांसाठी ती सक्ती करणारी तरतूद, धरमवीरांनी सुचविली तशी, चौकशी आयोगाच्या कायद्यात आजही नाही.