शनिवारचा इंग्रजीचा तास

सप्तशृंगगडाच्या पायथ्याचं वणी हे बाजाराचं गाव, आणि आजूबाजूचा दिंडोरी तालुका द्राक्षांचा. ऑक्टोबर छाटणी झाली की इथल्या बागांतून जी भाषा ऐकू येते, तिच्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात. थिनिंग, डिपिंग, बंच, स्प्रे, ब्लोअर, ड्रिप, साइज, शुगर, रेसिड्यू, पॅकहाऊस, कंटेनर. पेठ-सुरगाण्याकडून कामाला येणाऱ्या बायकाही ‘आज थिनिंगला जायचंय’ असंच म्हणतात, आणि त्यात कुणाला आपण परकी भाषा बोलतोय असं वाटत नाही. त्याच घरातला सातवी-आठवीतला मुलगा मात्र इंग्रजीचं पुस्तक उघडलं की गप्प होतो. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली; त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजच्या आठवीच्या मुलाच्या पदरी सात-आठ वर्षांचं इंग्रजी जमा असायला हवं. ते जमा का होत नाही, याचं नेहमीचं उत्तर असतं की खेड्यातल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडत नाही. वणीच्या बागेत तासभर उभं राहिलं तरी हे उत्तर अपुरं आहे हे कळतं. शब्द कानावर पडतात, तोंडातही असतात. वर्गात शिकवलेले नवे शब्द मात्र परत कधी विचारले जात नाहीत, म्हणून ते जातात. आठवड्यातून एकदा हसतखेळत घेतलेल्या इंग्रजीच्या तासाचं खरं काम हेच आहे, असं माझं मत आहे: नवे शब्द देण्यापेक्षा विसरायला लागलेले परत बोलावणं.

विसरण्याची ही गोष्ट जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती काळाने किती उरतात ते मोजायचं. पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त गळती होते, पुढे ती मंदावते, असं त्याला दिसलं. 2006 साली रोडिगर आणि कारपिक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली घोकंपट्टी पहिल्या प्रकारची आहे, म्हणून उद्याच्या चाचणीला ती कामाला येते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ये रे माझ्या मागल्या. आठवड्याच्या तासाचा आराखडा या एका निष्कर्षावर उभा करता येतो. पहिली पंधरा मिनिटं नवं काही द्यायचंच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डं कापायची. एका बाजूला इंग्रजी बोल, दुसऱ्या बाजूला मुलांनीच काढलेलं चित्र किंवा मराठी वाक्य. द्राक्षाच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करायचे. पटकन आठवलेलं कार्ड मागच्या कप्प्यात जातं आणि काही आठवड्यांनी वर येतं. अडलेलं पुढेच राहतं आणि पुढच्या शनिवारी परत विचारलं जातं. सेबास्टियन लाइटनरने 1970च्या दशकात अशी पेटी लोकप्रिय केली. ती वापरताना एक गोष्ट कसोशीने पाळावी लागते: मूल आठवत असताना मोठ्यांनी उत्तर सुचवायचं नाही. ते दहा सेकंद अवघड जातात, शिक्षकाला तर फारच, पण शब्द पक्का होतो तो त्या दहा सेकंदांत.

कुठले शब्द घ्यायचे हा पुढचा प्रश्न, आणि इथे बहुतेक ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. शब्दकोशातून रोज पाच अवघड शब्द फळ्यावर लिहायची पद्धत अनेक शाळांत आहे. तिचा हेतू चांगला, पण उपयोग थोडा. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करताना मायकेल वेस्टने हिंदुस्थानी मुलांसाठी इंग्रजी वाचनमाला तयार केल्या आणि पुढे 1953 मध्ये सुमारे दोन हजार नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातला फार मोठा भाग एवढ्याच शब्दांत निभावतो. वणीच्या मुलाला हे दोन हजार हवेत, आणि ते त्याच्या घरातूनच सुरू होतात. कीटकनाशकाच्या डब्यावरची पट्टी घ्या. तिच्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सगळ्यात विषारी, हिरवा सगळ्यात कमी. निळ्यावर ‘डेंजर’ लिहिलेलं असतं, हिरव्यावर ‘कॉशन’. अनेक पट्ट्यांवर ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’ ही सूचना असते. या एका ओळीत ‘कीप’, ‘आउट ऑफ’, ‘रीच’ असे तीन आयुष्यभर लागणारे बोल आहेत, आणि अर्थ कळला तर धाकट्या भावाचा जीवही सांभाळला जातो. (रिकामा डबा वर्गात आणू नये, पट्टीचा फोटो आणावा.) आणखी एक खबरदारी शिक्षकांनी घ्यावी. ‘हॉट-कोल्ड’, ‘लेफ्ट-राइट’ अशा जोड्या किंवा सगळ्या भाज्यांची नावं एका दमात शिकवली की ती मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. 1990च्या दशकातल्या अभ्यासांतही हे दिसलं आहे. एक शब्द पक्का झाल्यावर दुसरा आणावा.

वाक्प्रचारांच्या बाबतीत तर आपल्या पुस्तकांनी मुलांवर अन्यायच केला आहे. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हे पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतलं गेलं, आणि आज इंग्रज माणूस बोलताना ते क्वचितच वापरतो. उलट ‘रन आउट ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘फिल इन’, ‘टर्न ऑफ’ हे दिवसातून दहा वेळा लागणारे बोल परिशिष्टात पडून राहतात. इथल्या पोरांना क्रिकेटमधलं ‘रन आउट’ चांगलं माहीत आहे. तिथूनच निघावं. डिझेल संपलं, साखर संपली, वहीची पानं संपली, प्रत्येक वेळी ‘वुई हॅव रन आउट ऑफ...’ म्हणायचं आणि रिकामी जागा पुढच्याने भरायची. चौथ्या मुलापर्यंत आल्यावर ‘टीचर हॅज रन आउट ऑफ चॉक’ असं कुणीतरी म्हणतंच, वर्ग हसतो आणि वाक्य रुजतं. ‘स्टम्प्ड’ म्हणजे उत्तर न सुचून थबकलेला, ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, हेही मैदानावरून थेट वर्गात येतं. आणि द्राक्षाच्या गावाला तर दोन वाक्प्रचार हक्काचे आहेत. ‘सावर ग्रेप्स’ सांगायला कोल्ह्याला द्राक्षं आंबट एवढंच पुरे. इसापाची ती गोष्ट दोन्ही भाषांत नांदते आहे. दुसरा ‘हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’, म्हणजे बातमी कानोकानी कळली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तारायंत्र आलं तेव्हाचा हा बोल. तारेने आलेल्या खबरीच्या जोडीला वेलीवरून आलेली खबर असं लोक म्हणू लागले. मांडवाच्या तारेवर वेल कसा या खांबापासून त्या खांबापर्यंत जातो हे वणीच्या मुलाला चित्र काढून दाखवावं लागत नाही. मग एका मुलाच्या कानात ‘द बस इज लेट टुडे’ सांगायचं आणि ओळीच्या शेवटी काय निघतं ते फळ्यावर लिहायचं. बातमी बिघडून निघते, आणि अफवेचा अर्थ मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

आठवड्याला एका तासाने काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. एकट्या तासाने अस्खलित बोलणं येणार नाही, तसं आश्वासन कुणी देऊ नये. पण हिशेब तरी करून पाहू. दर शनिवारी आठच बोल घेतले आणि वर्षात तीस शनिवार मिळाले तर दोनशे चाळीस बोल होतात, आणि ते नुसते वहीत नाहीत, पुन्हा पुन्हा विचारून जिभेवर रुळलेले. पाचवी ते आठवी हा क्रम चालला तर आकडा हजाराच्या घरात जातो. मधल्या दिवसांत परिपाठाच्या वेळी दोन कार्डं काढली तरी पुष्कळ. वेळ कुठून आणायचा, हेही आता अडत नाही. मार्च 2024च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला आहे, आणि सकाळच्या शाळेत त्यातली चाळीस मिनिटं या कामाला देता येतात. भीती एवढीच की तिथेही कुणी शब्दांची चाचणी आणि गुण घुसडेल. गुण आले की मूल चुकायला घाबरतं, आणि चुकायला घाबरणारं मूल बोलत नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो: शाळेत हसायला पाठवलं की शिकायला? ज्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवणीची फी भरली, त्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यांना एवढंच सांगता येईल की हशा आपोआप फळत नाही. तो कशावर आहे ते बघावं लागतं. वाक्यावर हसलेला वर्ग शिकतो. मुलाच्या उच्चारावर हसलेला वर्ग त्या मुलाला वर्षभरासाठी गप्प करतो, आणि हा भेद सांभाळणं सर्वस्वी शिक्षकाच्या हातात आहे. मराठीचं काय, असंही विचारलं जाईल. इथल्या कित्येक मुलांची घरची बोली कोकणा आहे, उत्तरेला कळवण-बागलाणकडे अहिराणी आहे; त्यांना प्रमाण मराठीच दुसरी आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाला कार्डाच्या मागे आपल्या बोलीतलं वाक्य लिहू द्यावं. अर्थ आपल्या भाषेत पक्का झाला की परकी भाषा त्याला धरून उभी राहते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्या याच वाटेने इंग्रजी शिकल्या. वर्गात मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा मुलाकडून तो आधारच काढून घेतात.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती छोटी आहे. पुढच्या शनिवारी नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मागच्या शनिवारचे आठ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. घरी मुलगा डब्यावरची ओळ वाचायला लागला तर हातातलं काम ठेवून ती ऐका.