एक सेमिस्टर परदेशी, पण क्रेडिटचं काय?

होस्टेलच्या मेसमध्ये "एक सेमिस्टर बाहेर" हा विषय निघाला की व्हिसा, विमानाचं तिकीट, तिकडची थंडी यावर सगळे तुटून पडतात. क्रेडिटचं नाव काढलं की "ते होते न बाप्पा आल्यावर!" म्हणून ताट उचलतात. घोळ इथंच आहे. आल्यावर काही होत नाही. जे व्हायचं ते जायच्या आधी, कागदावर, सही-शिक्क्यानिशी.

पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले, ते तिथल्याच पदव्या घेऊन आले. आपल्याला मात्र पदवी इथलीच हवी आहे, त्यामुळे तिकडचा प्रत्येक विषय आपल्या स्कीममध्ये कुठंतरी बसवावा लागतो.

आधी कॅलेंडर काढा. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि वर्ग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे आपली हिवाळी परीक्षा हुकली आणि पुढच्या सेमिस्टरचा पहिला महिनाही गेला. एका सत्रापायी दोन अडकतात. अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर ते डिसेंबरचा मध्य, ते आपल्या सातव्या सेमिस्टरशी बरंच जुळतं.

आता क्रेडिट. आपल्याकडे आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांची मिळून १६० क्रेडिट आहेत, म्हणजे सरासरी सेमिस्टरला २०. युरोपात ईसीटीएस चालतं, तिथं वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात खोलीत बसून केलेला अभ्यासही धरतात. (आपल्याकडे तसं मोजलं तर सगळे तास परीक्षेच्या आदल्या रात्रीचेच निघतील!) त्यामुळे तिकडचे ३० म्हणजे आपले ३० नव्हेत, ढोबळमानाने २०. तिथला ५ ईसीटीएसचा विषय आपल्या ३ क्रेडिटच्या जवळपास येतो.

आमचा एक सिनियर फसला तो प्रॅक्टिकलमध्ये. तिकडे थिअरी आणि लॅब मिळून एकच विषय, एकच ग्रेड. आपल्याकडे प्रॅक्टिकलचा हेड वेगळा. थिअरी मान्य झाली, लॅबचा रकाना कोराच. गडी ज्युनियरच्या बॅचमध्ये उभा राहून जर्नल पूर्ण करत होता. "काऊन बे, तू तर फॉरेन रिटर्न न?" हे रोज ऐकायचा. प्लेसमेंटच्या वेळी निकाल अपुरा दिसला, ते दुखणं वेगळंच.

म्हणून माझं मत, बाहेर इलेक्टिव्हच घ्यावेत. कोअर विषयाचा सिलॅबस युनिटनिहाय जुळवताना सरांचाही जीव जातो. ग्रेडचंही आधीच ठरवा: नुसते क्रेडिट मिळणार की सीजीपीएमध्येही धरणार? जर्मनीत १.० सर्वांत उत्तम आणि ५.० नापास. रूपांतराचं सूत्र लेखी नसेल तर आपल्या दहाच्या मोजपट्टीवर टॉपरही ढ ठरायचा.

सही कोणाची? स्वायत्त कॉलेजात प्रकरण अभ्यास मंडळ आणि कॉलेजच्या विद्या परिषदेपाशी मिटू शकतं. बाकीच्या संलग्न कॉलेजांना विद्यापीठाकडे जावं लागतं, तेव्हा अकोल्याच्या मुलांनी अमरावतीच्या फेऱ्या धरूनच चालावं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी क्रेडिट बँक आली खरी, पण तिच्यात क्रेडिट जमा करते ती संस्था, आपण नाही.

अर्जात दोन विषय जास्तीचे मान्य करून ठेवा. तिकडे पोचल्यावर एखादा वर्ग भरलेला किंवा रद्द झालेला निघतोच. बदल झाला तर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना ई-मेल करून होकार लेखी घ्या. आणि निघताना सीलबंद ट्रान्स्क्रिप्टसोबत प्रत्येक विषयाचा सिलॅबस आणि लॅबचे तास लिहिलेला कागद घेऊनच विमानात बसा.