चिमणीतला धूर गाडी ओढत नाही

शहाड स्टेशनातून दिवसभर टिटवाळा, आसनगाव आणि कसाऱ्याच्या लोकल धावतात. देशातल्या सर्वांत जुन्या रेल्वेमार्गांपैकी हा एक. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 रोजी मार्ग कल्याणला पोचला आणि 1 ऑक्टोबर 1855 रोजी वाशिंदपर्यंत सुरू झाला. शहाडची माती तेव्हापासून आगगाडी अंगावर घेत आली आहे. इतका जुना वारसा दाराशी असूनही वाफेच्या इंजिनाबद्दलच्या काही चुकीच्या कल्पना आपल्या डोक्यात घट्ट बसल्या आहेत. चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन दिसलं की आपण चिमणी पाहतो, चाकं पाहतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. खरं तर हे यंत्र आगीपेक्षाही पाण्याचं आहे, आणि पाण्याकडे लक्ष दिलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

गैरसमज: ठाण्याची पहिली गाडी ‘फेअरी क्वीन’ने ओढली.

ती गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. तिन्ही इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीची, आणि त्यांतलं एकही आज कुठल्या संग्रहालयात नाही. फेअरी क्वीन 1855 सालची, ईस्ट इंडियन रेल्वेची, म्हणजे बंगालकडची. ठाण्याच्या गाडीशी तिचा काही संबंध नाही. साहिब, सिंध, सुलतान ही देशातली पहिली इंजिनंही नव्हेत. रुरकीजवळ कालव्याच्या कामावर ‘थॉमसन’ हे इंजिन 1851 च्या डिसेंबरातच चाललं होतं, आणि मुंबईकरांनी 1852 मध्ये ‘लॉर्ड फॉकलंड’ धावताना पाहिलं होतं.

गैरसमज: धुराच्या जोरावर गाडी चालते, आणि बॉयलरमधल्या नळ्यांत पाणी असतं.

रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये नेमकं उलट असतं. नळ्यांमधून आगीचे गरम वायू जातात आणि पाणी नळ्यांच्या बाहेर, चारही अंगांनी असतं. एका मोठ्या नळाऐवजी अनेक बारीक नळ्या घातल्या की पाण्याला भिडणारा तापलेला पृष्ठभाग कितीतरी वाढतो. फ्रान्समध्ये मार्क सेगाँ या इंजिनिअरने 1828 साली अशा बॉयलरचं पेटंट घेतलं. ओढण्याचं काम वाफ करते. ती सिलिंडरमध्ये दट्ट्या एकदा पुढून, एकदा मागून ढकलते. काम संपलेली वाफ चिमणीच्या बुडाशी असलेल्या तोटीतून वर फेकली जाते, आणि ती जाताना भट्टीतला धूर नळ्यांमधून आपल्याबरोबर खेचून नेते. त्यामुळे भट्टीला वारा मिळतो. चढावर इंजिन जितकं जोर लावेल तितकी आग आपोआप भडकते, ती याच रचनेमुळे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ‘छुक’ ऐकू येतात, ते या बाहेर पडणाऱ्या वाफेचे.

गैरसमज: बॉयलरमध्ये एकदा पाणी भरलं की दिवसभर चिंता नाही.

पाणी सतत संपत असतं, कारण वापरलेली वाफ चिमणीतून निघून जाते. नवं पाणी भरायचं तर ते आतल्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. सुरुवातीच्या इंजिनांत हे काम चाकांच्या गतीवर चालणारे पंप करत. म्हणजे इंजिन उभं असलं की पाणी भरता येत नसे. त्यासाठी ते मुद्दाम पुढेमागे फिरवावं लागे. साहिब, सिंध, सुलतानच्या काळी दुसरा चांगला उपाय निघालाच नव्हता. तो काढला आंरी जिफार या फ्रेंच इंजिनिअरने, 1858 साली. 1852 मध्ये वाफेच्या यंत्रावर हवाई जहाज उडवणारा तो हाच.

जिफारचं ‘इंजेक्टर’ इंजिनाच्या केबिनजवळ, पाइपांच्या गर्दीत दिसतं. पितळेचं, हातभर लांबीचं, हलणारे भाग जवळपास नसलेलं. बॉयलरमधलीच वाफ त्यातल्या निमुळत्या तोटीतून जाते आणि प्रचंड वेग घेते. तिथे थंड पाणी तिला भेटतं. वाफेचं पाणी होतं, पण तिचा वेग त्या पाण्याला मिळतो. पुढे वाट रुंदावत जाते, तसा वेग कमी होऊन त्याचा दाब होतो, आणि तो बॉयलरमधल्या दाबापेक्षाही जास्त भरतो. बॉयलरच्याच वाफेने बॉयलरमध्येच पाणी ढकललं जातं, हे ऐकून अशक्य वाटतं. पण वाफेत साठलेली उष्णता हिशेबात धरली की यात कसलीही जादू उरत नाही. मला तर वाफेच्या इंजिनातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

गैरसमज: जास्त वाफ झाली की बॉयलर फुटतो.

जादा वाफेसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. ते आपणहून उघडतात. खरी धास्ती पाणी कमी होण्याची. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असावं लागतं. ते उघडं पडलं तर पत्रा लालबुंद होऊन मऊ पडतो आणि दाबाखाली फाटतो. म्हणून ड्रायव्हर आणि फायरमन यांची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर असे. छतात शिसं भरलेली बुचंही बसवलेली असतात. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते.

आपल्या घाटांत ही दक्षता आणखी लागे. कसारा-इगतपुरी चढ 37 ला 1 असा. समजा, बॉयलरची लांबी 6 मीटर आहे. एवढ्या चढावर त्याच्या दोन टोकांच्या पातळीत 16 सेंटिमीटरचा फरक पडतो. चिमणी पुढे ठेवून उतार उतरताना पाणी पुढे सरकतं आणि मागचं भट्टीचं छत उघडं पडू पाहतं.

गैरसमज: कसारा घाटात नव्वदच्या दशकापर्यंत कोळशाची इंजिनं गाड्या ओढत होती.

घाटावर 1930 पर्यंत वीज आली होती. देशात ब्रॉडगेजवरची वाफेची सेवा 1995 मध्ये संपली, म्हणून हा घोळ होतो.

गैरसमज: जितकी जास्त चाकं, तितका जास्त वेग.

प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपी इंजिनाला जोडदांडीने जोडलेली सहा चाकं, व्यास 1705 मिलिमीटर. मालगाडीच्या डब्ल्यूजीला आठ, पण व्यास 1562 मिलिमीटर. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. जोडलेली चाकं जास्त असली की इंजिनाचं जास्त वजन त्यांच्यावर येतं आणि रुळावरची पकड वाढते, म्हणून ओढायला जास्त बळ मिळतं. आणि ही इंजिनं सगळी विलायतेची असंही नाही. चित्तरंजनच्या कारखान्यात 1950 पासून डब्ल्यूजी बनत होती.

गैरसमज: माथेरानच्या गाडीला घाट चढायला दातेरी रूळ लागतो.

शहाडकरांनी कल्याणला कर्जतची लोकल धरून नेरळला उतरावं, आणि वाफेचं जुनं इंजिन पाहायला माथेरान स्टेशनापर्यंत जावं. दातेरी रूळ निलगिरीला आहे. 1907 मध्ये सुरू झालेली आपली छोटी गाडी 20 ला 1 चा चढ साध्या रुळांवर, नुसत्या पकडीवर चढते. तिला पूर्वी ओढणारी वाफेची चार इंजिनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, रचना बार्शी लाइट रेल्वेवाल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची.

कस लागतो तो वळणांवर. एकमेकांना दांड्यांनी जोडलेली सहा चाकं आखूड वळणावर अडकायला हवीत. त्यावर उपाय म्हणजे क्लीन-लिंडनर आस. पहिला आणि तिसरा आस दुपदरी आहे: आत भरीव आस, त्याभोवती पोकळ नळीचा आस, आणि चाकं त्या पोकळ आसावर. दोघं मध्यभागी गोल सांध्याने जोडलेले. भरीव आस चौकटीत सरळच फिरतो, त्यामुळे बाहेरच्या दांड्यांना त्रास होत नाही. चाकं मात्र वळणाप्रमाणे तिरकी होतात आणि आडवी सरकतात. म्हणूनच या इंजिनाची चौकट बाहेर आणि चाकं आत लपलेली दिसतात. पुढच्या खेपेला चिमणीचा फोटो काढून झाला की खाली वाका आणि चौकटीच्या आत डोकवा. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी इंजेक्टर शोधायला लावा.