रानपिंगळा, सीमा आणि कायदा

रानपिंगळा हे भारतातच आढळणारे लहानसे घुबड होय. 1884 नंतर त्याची विश्वसनीय नोंद नव्हती. 1997 साली शिरपूरच्या पश्चिमेस शहाद्याजवळ ते पुन्हा दृष्टीस पडले. सातपुड्यात त्याचे वास्तव्य महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत आहे. अशा पक्ष्यास आंतरराष्ट्रीय कायदा कितपत उपयोगी पडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

1973 च्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात, रानपिंगळ्याचा समावेश आहे. परंतु हा करार नियमन करतो ते आंतरराष्ट्रीय व्यापाराचे. रानपिंगळ्यावरील मुख्य संकट व्यापाराचे नसून जंगल नष्ट होण्याचे आहे. 1979 चा बॉन करार राष्ट्रसीमा नियमितपणे ओलांडणाऱ्या जातींसाठी आहे. हा पक्षी तर स्थलांतर करीत नाही. 1992 चा जैवविविधता करार अधिवासरक्षणाची जबाबदारी घालतो खरा. तथापि ती राष्ट्रावर, आणि तीही ‘शक्य तितकी व उचित तितकी’ अशा मर्यादेने. राष्ट्रांतर्गत राज्यसीमेविषयी हे करार मौन पाळतात.

तेव्हा ही उणीव देशांतर्गत कायद्यानेच भरून काढली पाहिजे. वन्यजीव हा विषय मुळात राज्यसूचीत असल्याने 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम राज्यांच्या ठरावांच्या आधारे संसदेस करावा लागला. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव समवर्ती सूचीत आले. तरीही अभयारण्य घोषित करणे व चालविणे हे प्रामुख्याने राज्याचेच काम राहिले. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य आणि त्यालगतचे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य यांचा कारभार महाराष्ट्र शासनाकडे आहे. त्या कारभाराची मर्यादा मध्य प्रदेशाच्या सीमेवर संपते, जंगल मात्र संपत नाही.

शिवाय अभयारण्य म्हणजे निर्मनुष्य भूमी नव्हे. सातपुड्यात पावरा, भिल्ल आदी समाजांची वस्ती व शेती आहे. 2006 च्या वनहक्क अधिनियमाने त्यांचे हक्क मान्य केले. त्याच्या 5 व्या कलमाने वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकारही ग्रामसभेस दिला. 2002 च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असते.

सारांश, रानपिंगळ्याचे नाव जागतिक परिशिष्टात असले तरी त्याची ढोली ज्या झाडात आहे, त्या झाडाचा निर्णय गावाच्या शिवारातच होतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामसभा व वनखाती यांना एकत्र बसविणारी निश्चित व्यवस्था नसेल, तर वरचे करार कितीही निर्दोष असले तरी ते कागदावरच राहतील.